संगणक सुरू होताना तुमचा आवाज : कोणत्या क्षणी, कसा बसवायचा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या शेजारी एक काका राहतात. काचबिंदूमुळे त्यांची नजर खूप अधू झाली आहे, पण लॅपटॉप सोडलेला नाही. बातम्या ऐकतात, मुलांशी बोलतात, जुनी ध्वनिमुद्रणं लावतात. त्यांची अडचण एकच होती. मशीन सुरू झालं की नाही, पिन कधी टाकायचा आणि टाकल्यावर डेस्कटॉप आला की नाही, हे पडद्यावर दिसत नसल्यामुळे कळायचं नाही. म्हणून त्यांच्याच तंबोऱ्याचा आवाज लॅपटॉपवर बसवून दिला. तेव्हापासून ओळखीचे बरेच जण हेच करायला बसतात आणि मध्येच अडकून मला बोलावतात. अडकण्याच्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

इथली मुख्य रीत विंडोज १० आणि ११ साठी आहे. लिनक्स मिंट आणि मॅक यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे. मेन्यू इंग्रजीत असतील, मी त्यांची नावं देवनागरीत दिली आहेत.

## टप्पा १ : आवाज कोणत्या क्षणी हवा, ते ठरवा

बहुतेकांची चूक इथेच होते. ‘सुरू होतानाचा आवाज’ म्हणून आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली म्हणजे बटण दाबल्याबरोबर येणारी बीप. ती मदरबोर्डची असते, विंडोज तेव्हा जागंही झालेलं नसतं. इथे त्या बीपचं काम नाही.

दुसरा, लॉक स्क्रीन येते तेव्हा वाजणारा विंडोजचा स्वतःचा स्टार्टअप साउंड. विंडोज ११ मध्ये तो मुळातच चालू असतो, १० मध्ये बंद असतो.

तिसरा क्षण पिन किंवा पासवर्ड टाकून आत गेल्याचा, म्हणजे साइन-इनचा. आपला आवाज बसवायची खरी जागा ही.

चौथा, झोपलेलं मशीन उठवून कुलूप उघडल्याचा. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडणं म्हणजे साइन-इन नव्हे, तुम्ही आधीपासून आतच असता. ‘काल वाजला, आज वाजत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी काल मशीन बंद करून चालू केलेलं असतं आणि आज नुसतं झाकण उघडलेलं असतं.

काकांसाठी आम्ही दोन आवाज ठेवले. विंडोजचा आवाज आला की स्पेसबार दाबून पिन टाकायचा, तंबोरा वाजला की डेस्कटॉप आला. दोन्ही ठिकाणी एकच आवाज ठेवला असता तर त्यांचा गोंधळ उलट वाढला असता. नजर अधू असलेल्या कोणासाठी हे करत असाल तर दोन आवाज स्पष्ट वेगळे ठेवा.

इशारा : विंडोजचा तो दुसऱ्या क्रमांकाचा आवाज बदलायच्या मागे लागू नका. तो साध्या ध्वनिफाइलसारखा बाहेर ठेवलेला नसतो, इमेजरेस नावाच्या सिस्टिम फाइलच्या पोटात असतो. ती फाइल उघडून आवाज बदलण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. पण त्याच फाइलमध्ये विंडोजची चिन्हंही असतात, चूक झाली तर निस्तरणं कठीण जातं, आणि अपडेट आला की केलेलं काम पुसलं जातं. हा आवाज चालू किंवा बंद करायचा, एवढंच करा.

त्याची जागा अशी : सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, साउंड्स. उघडलेल्या खिडकीत यादीच्या खाली ‘प्ले विंडोज स्टार्टअप साउंड’ असा चौकोन आहे. खूण करा, अप्लाय, ओके. त्याच यादीत ‘विंडोज लॉगऑन’ शोधत बसू नका. जुन्या विंडोजमध्ये ती नोंद असायची, आता दिसत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल करून ती यादीत आणता येते, पण आणूनही वाजत नाही. लोकांची अख्खी दुपार यात जाते.

## टप्पा २ : आवाज तयार करा

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फाइल नीट असली तर पुढचं अर्ध्या तासात होतं.

लांबी ३ ते ५ सेकंद ठेवा. रोज ऐकायचा आवाज आहे. पंधरा सेकंदांची धून पहिल्या दिवशी छान वाटते, आठवड्याने नकोशी होते.

काकांच्या तंबोऱ्याचं एक आवर्तन आम्ही फोनवरच घेतलं : पंचम, जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. मे महिना होता आणि खोलीत कूलर चालू होता. पहिली तीन मुद्रणं त्याच्या घरघरीने वाया गेली. कूलर, पंखा, फ्रिज बंद करून, खिडकी लावून घ्या. फोन तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवू नका, हातभर अंतरावर गादीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवा. टेबलावर ठेवलात तर टेबलाची थरथर आत येते.

लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ सूर जवळजवळ येतच नाही. पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्याचा नुसता खर्ज घेतलात तर ‘काहीच वाजलं नाही’ असं वाटेल. जोडीच्या तारा आणि जवारीची झणझण मात्र ऐकू येते. तंबोरा नसेल तर मंदिरातली छोटी घंटा, टाळ, हार्मोनियमचा मध्य सप्तकातला सूर किंवा घरातल्या माणसाचं ‘झालं हो सुरू’ असं वाक्यही चांगलं. माणसाचा आवाज तर लहान स्पीकरवर सगळ्यात स्पष्ट येतो.

आता कापणी. त्यासाठी ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्रम असा ठेवा :

१. मुद्रण ऑडासिटीत उघडा. फोनचं मुद्रण एम-फोर-ए प्रकारचं असेल तर ऑडासिटी ते थेट उघडत नाही, एफएफएमपेग नावाचा जोड लागतो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये वेव्ह प्रकार निवडायची सोय असेल तर आधीच तो निवडा, ही कटकट वाचेल.

२. हवा तेवढा भाग माउसने निवडा आणि कंट्रोल व टी दाबा. बाकीचं कापलं जातं.

३. ट्रॅक्स मेन्यूतून मिक्समध्ये जाऊन मोनो करा. फोनचं मुद्रण बहुधा मोनोच असतं, तसं असेल तर हे सोडा.

४. इफेक्टमधून नॉर्मलाइझ करा. तिथे आधीपासून उणे १ डेसिबेल असतं, मी उणे ६ ठेवतो. मशीन सुरू होताना आवाजाची पातळी आदल्या रात्री जिथे सोडली तिथेच असते, आणि सकाळी सहाला घरभर घुमणारा आवाज कोणालाच नको असतो.

५. शेवटचा अर्धा सेकंद निवडून फेड आउट द्या. दिला नाही तर आवाज खटकन तुटतो.

६. अगदी सुरुवातीला कर्सर नेऊन जनरेटमधून अर्ध्या सेकंदाची शांतता घाला. हे बहुतेक लोक गाळतात. अनेक लॅपटॉपमध्ये ध्वनियंत्रणा जागी व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात आवाजाची सुरुवात गिळली जाते. आमच्या तंबोऱ्याचा पंचम असाच रोज हरवत होता.

७. फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट. प्रकार वेव्ह, एन्कोडिंग ‘साइन्ड १६-बिट पीसीएम’, सॅम्पल रेट ४४१०० हर्ट्झ.

इशारा : एमपी-थ्री फाइलचं नाव बदलून शेवटी वेव्ह लिहिलं म्हणजे ती वेव्ह होत नाही. नाव बदलतं, आतला मजकूर तसाच राहतो. पुढे आपण जी आज्ञा वापरणार आहोत ती फक्त पीसीएम, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली, वेव्ह वाजवते.

तपासा : फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, साइज. १६ बिट आणि ४४१०० हर्ट्झवर मोनो आवाजाचा एक सेकंद म्हणजे ८८,२०० बाइट. म्हणजे ५ सेकंदांची फाइल सुमारे ४३१ केबी भरली पाहिजे, स्टिरिओ असेल तर त्याच्या दुप्पट. ५ सेकंदांची फाइल ८०-१०० केबीच दिसत असेल तर ती आतून एमपी-थ्रीच आहे. ऑडासिटीतून पुन्हा एक्स्पोर्ट करा.

## टप्पा ३ : फाइल पक्क्या जागी ठेवा

सी ड्राइव्हवर साउंड्स नावाचा फोल्डर करा आणि फाइल त्यात ठेवा. फोल्डर व फाइल दोघांचीही नावं इंग्रजी अक्षरांत, एका शब्दाची, मध्ये जागा न सोडता. माझी फाइल ‘तानपुरा’ या नावाची आहे.

डाउनलोड्समध्ये ठेवू नका, ते कधीतरी साफ होतं. पेन ड्राइव्हवर तर नकोच. डेस्कटॉपही टाळा, कारण बऱ्याच मशीनवर तो वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेला असतो आणि फाइल प्रत्यक्षात मशीनवर उतरलेली असेलच असं नाही. नेट यायच्या आधी आवाज वाजवायचा आहे, हे लक्षात ठेवा.

तपासा : फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, त्यामुळे फाइलचं खरं नाव ‘तानपुरा टिंब वेव्ह टिंब वेव्ह’ झालेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. टिंबानंतर डब्ल्यू ए व्ही एकदाच हवं.

## टप्पा ४ : आज्ञा आधी हाताने चालवून पाहा

लोक थेट टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या क्षणी काम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत) जातात. मग वाजलं नाही की दोष फाइलचा, आज्ञेचा की शेड्यूलरचा, ते कळत नाही. आधी इथे वाजवा.

स्टार्टमध्ये पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा द्यायची खिडकी) शोधून उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकायची आहे. तिचे दोन तुकडे आहेत.

पहिला तुकडा : कंस उघडा. न्यू, उणे चिन्ह, ऑब्जेक्ट, हे तिन्ही सलग. एक जागा सोडा. मीडिया, टिंब, साउंडप्लेयर, हेही सलग, साउंड आणि प्लेयर जोडून. एक जागा. एकेरी अवतरणचिन्ह, मग फाइलचा पूर्ण पत्ता, पुन्हा एकेरी अवतरणचिन्ह. कंस बंद.

दुसरा तुकडा : जागा न सोडता टिंब, मग प्लेसिंक हा एकच शब्द. सिंकचं स्पेलिंग एस वाय एन सी. शेवटी रिकामा कंस, उघडून लगेच बंद.

पत्ता हाताने टंकू नका. एक्स्प्लोररमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून (विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून ठेवून) ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या. तो दुहेरी अवतरणचिन्हांसकट येतो, ती काढून एकेरी घाला.

एंटर दाबा. आवाज पूर्ण वाजला की पुढे जा. नाही वाजला तर लाल अक्षरांतला मजकूर वाचा. ‘वेव्ह हेडर इज करप्ट’ किंवा ‘ओन्ली पीसीएम’ असं काही असेल तर टप्पा २ च्या शेवटच्या तपासणीकडे परत जा. फाइल सापडत नाही म्हणत असेल तर टप्पा ३.

इशारा : प्लेसिंकच्या ऐवजी नुसतं प्ले लिहू नका. इथे हाताने चालवताना दोन्ही वाजतात, म्हणून फरक कळत नाही. शेड्यूलरमधून मात्र प्ले दिलं की पॉवरशेल आवाज सुरू करून त्याच क्षणी बंद होतं आणि आवाजही त्याच्याबरोबर जातो. प्लेसिंक आवाज संपेपर्यंत थांबतं.

वाजलेली आज्ञा नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा.

## टप्पा ५ : टास्क शेड्यूलरमध्ये बसवा

ज्या खात्यातून आवाज हवा त्याच खात्यात असा, आणि ते खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असू द्या. स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर शोधून उघडा. उजवीकडे ‘क्रिएट टास्क’ दाबा. ‘क्रिएट बेसिक टास्क’ नको, त्यात सगळ्या खिडक्या समोर येत नाहीत.

१. जनरल. नाव द्या. ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’ निवडलेलं राहू द्या. त्याखालचा पर्याय घेतलात तर काम पडद्याआडच्या वेगळ्या सत्रात चालतं आणि तिथला आवाज तुमच्यापर्यंत येत नाही. ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची गरज नाही.

२. ट्रिगर्स. न्यू दाबा. वर ‘बिगिन द टास्क’मध्ये ‘ॲट लॉग ऑन’ निवडा. ‘ॲट स्टार्टअप’ हे नाव मोह पाडतं, पण ते घेऊ नका : तो क्षण तुम्ही आत येण्याच्या आधीचा आहे, शिवाय फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होता यावं म्हणून विंडोजने पूर्ण बंद न होण्याची सोय) चालू असेल तर बंद करून चालू केलेल्या मशीनला विंडोज नवी सुरुवात मानतच नाही, फक्त रीस्टार्टला मानतं. खाली ‘स्पेसिफिक यूजर’ घ्या, म्हणजे घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात तुमचा तंबोरा वाजणार नाही. झाकण उघडल्यावरही आवाज हवा असेल तर ‘ऑन वर्कस्टेशन अनलॉक’ असा दुसरा ट्रिगर जोडा. तो दिवसातून दहा वेळा वाजेल, हे मात्र आधी ध्यानात घ्या.

३. ॲक्शन्स. न्यू, ‘स्टार्ट अ प्रोग्राम’. प्रोग्रामच्या चौकटीत फक्त पॉवरशेल टिंब ई एक्स ई. खालच्या ‘ॲड आर्ग्युमेंट्स’च्या चौकटीत आधी उणे चिन्ह आणि त्याला चिकटून डब्ल्यू, जागा, हिडन हा शब्द, जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून सी, जागा, आणि मग नोटपॅडमधली आज्ञा. सगळं एका ओळीत. डब्ल्यू-हिडनमुळे पॉवरशेलची खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते. तेवढी चमक राहतेच, त्याने काही बिघडत नाही.

४. कंडिशन्स. इथे थांबून वाचा. पॉवरखाली ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्यूटर इज ऑन एसी पॉवर’ असा चौकोन आहे आणि तो आधीपासून खूण केलेला असतो. खूण काढा. काढली नाही तर चार्जर लावलेला असताना वाजतं, नसताना गप्प. काकांकडे पहिल्या आठवड्यात नेमकं हेच झालं. दुपारी लाइट गेली, त्यांनी बॅटरीवर लॅपटॉप सुरू केला, पिन टाकला आणि तंबोऱ्याची वाट पाहत बसून राहिले. मशीन बिघडलं असं समजून त्यांनी ते बंदही केलं. चूक माझी होती. ज्या माणसासाठी हा आवाज सोय नसून खूण आहे, त्याच्याकडे हा चौकोन दोनदा तपासा.

५. सेटिंग्ज. जसं आहे तसं राहू द्या. ओके.

तपासा : डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररी, यादीत तुमच्या कामावर उजवी क्लिक, रन. वाजलं पाहिजे. इथे नाही वाजलं पण टप्पा ४ मध्ये वाजलं होतं, तर आर्ग्युमेंट्सच्या ओळीत एखादी जागा किंवा कंस सुटला आहे.

## टप्पा ६ : खरी परीक्षा, चार वेळा

एकदा वाजलं म्हणजे झालं असं समजू नका. चार्जर लावून रीस्टार्ट. मग चार्जर काढून रीस्टार्ट. मग पूर्ण शट डाउन करून पुन्हा चालू. शेवटी साइन आउट करून साइन इन. चारही वेळा वाजलं पाहिजे.

सुरुवात गिळली जात असेल तर फाइलमधली शांतता एक सेकंदाची करा. तरीही तेच होत असेल तर ट्रिगर उघडून ‘डिले टास्क फॉर’ला खूण करा. यादीतला सगळ्यात कमी पर्याय ३० सेकंदांचा दिसेल, पण त्या चौकटीत स्वतः ‘५ सेकंड्स’ इंग्रजीत टंकता येतं.

ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो साइन-इननंतर जोडला जातो, तोवर आवाज लॅपटॉपमधून वाजून संपलेला असतो. मॉनिटरच्या स्पीकरचंही काही वेळा असंच होतं. या कामासाठी लॅपटॉपचाच स्पीकर किंवा तारेचा स्पीकर बरा.

लॉक स्क्रीनवरचा विंडोजचा आवाज, म्हणजे टप्पा १ मधला दुसरा, खूण करूनही येत नसेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून पाहा : कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, मग खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. काकांच्या लॅपटॉपवर मी ते बंदच ठेवलं आहे.

## लिनक्स मिंट आणि मॅक

लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर हे काम सगळ्यात सोपं आहे. सिस्टिम सेटिंग्ज, साउंड, साउंड्स. ‘स्टार्टिंग सिनॅमन’ या ओळीसमोर तुमची फाइल निवडा आणि ती ओळ चालू करा. टप्पा २ आणि ३ इथेही तसेच पाळा.

मॅकवर बटण दाबताच येणारा नाद बदलता येत नाही. बिग सर, म्हणजे आवृत्ती ११ पासून, सेटिंग्जच्या साउंडमध्ये तो बंद किंवा चालू करायची सोय आहे, तेवढीच.

## काढून टाकायचं असेल तर

टास्क शेड्यूलर लायब्ररीत तुमच्या कामावर उजवी क्लिक करून डिसेबल करा. डिलीट लगेच नको. पाहुणे असताना किंवा परीक्षेच्या दिवसांत चार दिवस शांतता हवी असते, नंतर त्याच जागी एनेबल करता येतं. मशीन बदललं तर काम निवडून उजवीकडे एक्स्पोर्ट दाबा. त्याची एक छोटी फाइल होते, ती आणि साउंड्स फोल्डर नव्या मशीनवर त्याच जागी न्या, तिथे ‘इंपोर्ट टास्क’ करा. जनरलमध्ये आणि ट्रिगरमध्ये दोन्हीकडे जुन्या मशीनच्या खात्याचं नाव असेल, ते बदलून नव्या खात्याचं करा आणि कंडिशन्समधली ती खूण पुन्हा एकदा पाहा.